पावसाळ्यानंतर इंजिनं अडखळतायत? पुसायच्या आधी मोजा, आणि मग डबा बघा

दरवर्षी तेच. मे महिन्यात मस्त चालणारं मॉडेल रेल्वेचं इंजिन पावसाळाभर लॉफ्टवर पडून राहतं आणि दिवाळीच्या सुट्टीत खाली काढलं की अडखळायला लागतं. दोन फूट जातं, थांबतं, बोटाने ढकललं की परत चालतं, दिवे लुकलुकतात, आणि पॉइंटवर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, गेलं की हमखास मरतं. मग आपण काय करतो, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि कानकाडी घेऊन चाकं पुसतो, रूळ पुसतो, चाललं की खूश होतो आणि दिवाळी संपली की त्याच डब्यात परत भरून ठेवतो. पुढच्या वर्षी परत अडखळतं, परत कानकाडी.

माझं म्हणणं एवढंच आहे की दरवर्षी येणारा फॉल्ट हा इंजिनाचा नसतो, इंजिन जिथे ठेवलंय त्या डब्याचा असतो. आणि हे सिद्ध करायचं तर पुसण्याच्या आधी मोजायला हवं, कारण एकदा पुसलं की पुरावाच गेला. चाकं काळी झाल्यामुळे अडखळत होतं, का ग्रीस घट्ट झाल्यामुळे, का आतला पिकअप, म्हणजे चाकाला टेकून वीज घेणारी पट्टी, गंजल्यामुळे, ते मग कळत नाही.

हे सगळं एचओ आणि साध्या डीसीसाठी लिहितोय, म्हणजे १:८७ आणि १६.५ मिमी गेज. एन स्केलवाल्यांनी ९ मिमी धरून मापं कमी करावीत, तत्त्व तेच. मी डोंबिवलीत राहतो, इथे जुलैमध्ये घरातसुद्धा आर्द्रता ऐंशीच्या खाली यायचं नाव घेत नाही. पुणेकरांना त्रास जरा कमी असेल. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये १९९८ पासून लोकांना गाड्या चालवून दाखवतात, आणि चालत्या गाडीची चाकं आपोआप बऱ्यापैकी साफ राहतात. आपल्या गाड्या वर्षातले दहा महिने डब्यात, खरी गोम तिथे आहे.

पहिलं काम: टेस्ट बॉक्स

बाजारात मिळणारा कंट्रोलर चालवायला ठीक आहे, तपासायला नाही, कारण करंट किती जातोय ते तो दाखवत नाही. घरी बनवायला एक दुपार पुरते आणि सामान सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं, पुण्यात तपकीर गल्लीत.

राउटरचा जुना १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या, प्रत्येकाच्या घरात एखादा पडलेला असतोच. त्यापुढे एलएम ३१७ हा रेग्युलेटर. छापील बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट, उजवा इनपुट. आउटपुट आणि ॲडजस्टच्या मध्ये २४० ओहमचा रेझिस्टर, ॲडजस्ट ते निगेटिव्ह २.२ किलोओहमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर). इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा आणि आउटपुटला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पॉट फिरवला की सव्वा व्होल्टपासून वर जातं. हा आयसी स्वतः दोनेक व्होल्ट खातो, त्यामुळे १२ च्या अडॅप्टरवर तुम्हाला दहाच्या आसपास मिळतील, आणि तपासणीला तेवढे भरपूर झाले, पूर्ण स्पीडला कोण तपासतंय. छोटा हीटसिंक लावाच, फक्त एक लक्षात ठेवा की आयसीची मागची धातूची पट्टी आउटपुटला जोडलेली असते, म्हणजे हीटसिंक पत्र्याच्या पेटीला टेकला आणि त्याच पेटीला निगेटिव्हही लागलेलं असलं की शॉर्ट. मी सरळ प्लास्टिकचा स्विचबोर्डचा डबा वापरला.

स्वस्तात मिळणारं पीडब्ल्यूएम (वीज झटक्याझटक्याने देणारं) स्पीड कंट्रोलर मॉड्यूल का नको असं विचारणार असाल तर दोन कारणं. नव्या इंजिनांतल्या कोअरलेस मोटरना कमी फ्रिक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम मानवत नाही, त्या गरम होतात. आणि पीडब्ल्यूएमच्या झटक्यांनी अडलेलं इंजिनही सुरू होतं, चालवताना ही चांगली गोष्ट आहे पण तपासताना फॉल्ट लपवते.

रेग्युलेटरनंतर दिशा बदलायला सहा पायांचा टॉगल स्विच, मधल्या पोझिशनला बंद होणारा. मग रुळाकडे जाणाऱ्या एका वायरीत सिरीजमध्ये स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब. याच्यासारखा फ्यूज नाही. इंजिन नीट चालतंय तोवर बल्ब विझलेला, शॉर्ट झाला की लख्ख पेटतो आणि करंट पाऊण अँपिअरच्या आसपास अडवून धरतो, त्यामुळे काही जळत नाही. बल्बवर थोडे व्होल्ट पडतात म्हणून व्होल्टेज नेहमी बल्बच्या पुढे, रुळावरच मोजायचं.

आणि सिरीजमध्येच ॲमीटर. इथे माझा आग्रह आहे, काट्याचाच घ्या, ० ते १ अँपिअर डीसीचा. डिजिटल मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे चाकाचा कॉन्टॅक्ट क्षणभर सुटला तर त्याला पत्ताच लागत नाही, तो आपला ०.२१, ०.१९, ०.२२ असं काहीतरी दाखवत बसतो आणि आपण म्हणतो ठीक आहे की. काटा मात्र थरथरतो. ती थरथर कशी आहे, तालात आहे का वेडीवाकडी, यावरच सगळं निदान आहे. स्विचच्या आधी लावा म्हणजे दिशा बदलली तरी काटा उलटा जाणार नाही.

काटा काय सांगतो

इंजिन एकटं, मागे काही न जोडता, सपाट रुळावर, सहा व्होल्टला ठेवा. हल्लीची बहुतेक एचओ इंजिनं ०.१ ते ०.३ अँपिअरच्या मध्ये कुठेतरी घेतात, जुन्या उघड्या मोटरवाली जास्त घेतात. आकडा महत्त्वाचा नाही, त्याच इंजिनाचा मागच्या वेळचा आकडा काय होता ते महत्त्वाचं. म्हणून एक वही ठेवा. इंजिन, तारीख, कितव्या व्होल्टला हललं, सहा व्होल्टला करंट किती, पुढे आणि मागे दोन्ही. बस, एवढंच. पावसाळ्याच्या आधीची ओळ आणि नंतरची ओळ शेजारी दिसली पाहिजे.

आता वाचायचं कसं. काटा मधेच शून्याकडे पडतो आणि परत वर येतो, कधीही, ताल नाही, तर कॉन्टॅक्टचा फॉल्ट आहे: काळी चाकं, पिकअपच्या पट्ट्या किंवा रूळ. काटा स्थिर आहे पण आधीपेक्षा बराच वर, समजा ०.१८ चा ०.३५ झालाय, तर इंजिन आतून जड झालंय, गिअरबॉक्समधलं ग्रीस घट्ट झालंय किंवा कुठेतरी केस अडकलाय, आणि अशा इंजिनाची चाकं कितीही पुसा, काही उपयोग नाही. पाच मिनिटं चालवल्यावर करंट हळूहळू खाली येत असेल तर ग्रीस मऊ होतंय, हा जवळजवळ पुरावाच समजा. उलट वर चढत असेल, वास येत असेल, तर थांबवा, मोटर उघडायची वेळ आलीय.

आणि एक तिसरा प्रकार, जो लोक कायम कॉन्टॅक्ट समजून पुसत बसतात: काटा प्रत्येक चाकाच्या फेरीला एकदा उडी मारतो. टिक, टिक, टिक, एकदम तालात. स्पीड वाढवला की ताल वाढतो. हा बहुतेक वेळा ॲक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर चिरलेला असतो, धुऱ्यावर दाबून बसवलेला गिअर वर्षानुवर्षांच्या ताणाने फाटतो आणि दोन दात्यांमधलं अंतर वाढतं. वाफेच्या इंजिनात हाच ताल कनेक्टिंग रॉड घासत असेल किंवा डाव्या-उजव्या चाकांचा कोन बिघडला असेल तरी येतो. गिअर बदलण्याशिवाय इलाज नाही, फेव्हिक्विकने जोडायचा प्रयत्न करू नका, चिकटतो पण दात्यांचं अंतर तसंच राहतं.

काटा शून्यावर आणि बल्बही बंद, म्हणजे वीज पोचतच नाही. इंजिन उलटं करून एका फोमच्या व्ही आकाराच्या खाचेत ठेवा आणि मल्टिमीटरच्या बझरने एकेक चाक तपासा, चाक बोटाने फिरवत फिरवत. जे चाक गप्प, तिथे पट्टी वाकलीय.

डीसीसीचा, म्हणजे डिजिटल कंट्रोलचा, डिकोडर बसवलेलं इंजिन या बॉक्सवर लावलं तर पाच-सहा व्होल्टपर्यंत ते हलणारच नाही, तो फॉल्ट नाही, डिकोडर जागा व्हायला तेवढे व्होल्ट लागतात. वहीत तशी खूण करून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी उगाच घाबराल.

चाचणीची फळी

लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या पूर्ण ट्रॅकवर, तपासू नका. लेआउटचेच रूळ चार महिने धूळ खात पडलेत, मग दोष कुणाचा ते कसं ठरवणार? एक तीन फुटी प्लायची पट्टी घ्या, त्यावर फ्लेक्स ट्रॅकची एक लांबी ठोका, ती ९१४ मिमीची येते, म्हणजे बरोबर एक यार्ड.

आता या चांगल्या रुळाला मुद्दाम दोन ठिकाणी बिघडवायचं. साधारण मधोमध डाव्या रुळाचा ५० मिमीचा तुकडा दोन्हीकडून कापून वीजमुक्त करा, आणि वीतभर पुढे उजव्या रुळाचा तसाच. ५० का, तर आपल्या डब्ल्यूडीएम-२ सारख्या डिझेल इंजिनाची तीन धुऱ्यांची बोगी एचओमध्ये ४५ मिमीच्या आत बसते, म्हणजे अख्खी बोगी त्या मेलेल्या तुकड्यावर येते आणि वीज फक्त दुसऱ्या बोगीकडून घ्यावी लागते. अगदी हळू चालवा, जोरात नेलं तर फ्लायव्हीलच्या जोरावर इंजिन पार होतं आणि काहीच कळत नाही. डाव्या तुकड्यावर पुढची बोगी आल्यावर मेलं तर मागच्या बोगीचा डावा पिकअप गेलाय, उजव्यावर मेलं तर उजवा. उलट्या दिशेने नेऊन पुढच्या बोगीचं कळतं. अशा चार चाचण्यांत चारही कोपरे तपासून होतात, काही उघडावं लागत नाही. लेआउटवर पॉइंटच्या प्लास्टिक फ्रॉगवर (रूळ एकमेकांना छेदतात तो वीज नसलेला तुकडा) इंजिन मरतं तेव्हा नेमकं हेच होत असतं, फक्त तिथे ते कळत नाही. शंटिंगची चार चाकी छोटी इंजिनं या परीक्षेत नापास होणारच, त्यांची लांबीच पुरत नाही.

फळीच्या दुसऱ्या टोकाला एका रुळाखाली जुनं व्हिजिटिंग कार्ड सरकवून जरा उंचवटा करा. चाकं वर-खाली झाल्यावर जो पिकअप सुटतो तो इथे सापडतो.

ही फळी कोचेस आणि वॅगन तपासायलाही चालते. एक टोक तळाशी १८ मिमी उचललं की तीन फुटांत दोन टक्के चढ तयार होतो, वॅगन वर ठेवून सोडली की आपणहून घरंगळली पाहिजे. नाही घरंगळली तर धुऱ्याची टोकं आणि बोगीचे खळगे बघा, पावसाळ्यानंतर तिथे केस, धूळ आणि तेलाचा काळा लगदा असतो. चाकांमधलं आतलं अंतर व्हर्नियरने मोजा, एचओला १४.४ मिमीच्या आसपास हवं, प्लास्टिकच्या धुऱ्यावरची चाकं सरकतात. कपलर तपासायला फळीच्या टोकाला एक चांगला कपलर कायमचा बसवून टाका, केडी या कंपनीच्या प्रकारचा असेल तर मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमीवर. वजन किचनच्या काट्यावर: एनएमआरए या अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेची शिफारस १ औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस अशी आहे, आपला जुन्या धाटणीचा आयसीएफ कोच एचओमध्ये २४५ मिमी भरतो, म्हणजे १६५ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. हलका असेल तर वळणावर पडणारच, त्याचा पावसाळ्याशी संबंध नाही.

रोलिंग रोड: बनवा, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको

जागच्या जागी इंजिन चालवायला रोलिंग रोड फार सोयीचा, ग्रीस मऊ करायला अर्धा तास चालवत ठेवता येतं आणि चिरलेल्या गिअरचा ताल स्पष्ट दिसतो. विकतचा महाग आहे, घरी होतो. दोन अॅल्युमिनियमचे अँगल, मध्ये ॲक्रिलिकचे ठोकळे म्हणजे डावं-उजवं एकमेकाला लागणार नाही, आणि प्रत्येक चाकाखाली दोन छोटी बॉल बेअरिंग.

बेअरिंग कुठली घ्यायची यात बरेच जण फसतात. नागदेवी स्ट्रीटला गेलं की दुकानदार पहिलं ६२३ हातात ठेवतो, कारण ते सगळीकडे चालतं. त्याचा बाहेरचा व्यास १० मिमी, जोडी लावली की बावीसेक मिमी जागा खाते, आणि तीन धुऱ्यांच्या बोगीत शेजारच्या दोन धुऱ्यांमधलं अंतर एचओमध्ये वीसच्या आसपास असतं. बसतच नाही. ६८३ मागा, भोक तेवढंच ३ मिमी पण बाहेरून ७ मिमी, दोन बेअरिंगच्या मध्यांमध्ये ९ मिमी ठेवले की जोडी १६ मिमीत आटोपते. धुऱ्यासाठी बोल्ट वापरू नका, बोल्टचं डोकं आतल्या बाजूला आलं की चाकाची फ्लँज त्यावर घासते. ३ मिमी पितळी रॉडचे तुकडे अँगलमध्ये घट्ट ठोका आणि आतलं टोक पंचने जरासं फुलवा, बेअरिंग निसटत नाही. दोन्ही बाजूंच्या बेअरिंगच्या आतल्या कडांमध्ये १६.५ मिमी.

आता गंमत अशी की नवीन बेअरिंग ग्रीसने भरलेलं येतं आणि ग्रीसमधून वीज धड जात नाही. त्यामुळे एकदम ठणठणीत इंजिनसुद्धा या रोलिंग रोडवर अडखळतं आणि आपण इंजिन उघडून बसतो. बेअरिंग पेट्रोलमध्ये किंवा आयपीएमध्ये धुऊन ग्रीस काढा (खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, हे सांगायला नको), नंतर अगदी पातळ तेलाचा एक थेंब. तरीही बेअरिंगमधून वीज नेणं हा जुगाडच आहे, गोळ्यांवर बारीक ठिणग्या पडून ती कालांतराने खडबडीत होतात. जास्त दिवस टिकवायचं असेल तर जुन्या रिलेमधली फॉस्फर ब्राँझची पट्टी काढून बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला हलकी टेकवा, वीज त्या पट्टीतून द्या.

आणि टेस्टर खरा बोलतोय का, हे आधी तपासा. त्यासाठी माझं आवडतं हत्यार म्हणजे चार इंच लांब, चकचकीत घासलेली पितळी नळी. ती रोलिंग रोडवर आडवी ठेवायची, डाव्या-उजव्या बेअरिंगना एकदम टेकते, म्हणजे मुद्दाम केलेला शॉर्ट. बल्ब पेटतो. आता नळी बोटाने फिरवा. बल्ब एकसारखा पेटत राहिला तर रोलिंग रोड चांगला, लुकलुकला तर दोष बेअरिंगचा आहे, इंजिनाचं नाव काढू नका. हीच नळी फळीवर घरंगळत न्या, रुळाचा जो सांधा काळा पडलाय तिथे बल्ब मिचकावतो. लेआउटवरसुद्धा चालते, कंट्रोलर काढून हा टेस्ट बॉक्स जोडायचा आणि नळी फिरवायची, दहा मिनिटांत सगळे सैल रेल जॉइनर सापडतात.

एक मर्यादा मात्र आहे. रोलिंग रोडवर इंजिन डुलत नाही, त्यामुळे पॉइंटवर मरणारं इंजिन तिथे तासभर सुंदर चालेल. त्याच्यासाठी फळीच हवी.

आता मूळ दुखणं, डबा

वहीतले आकडे शेजारी ठेवून बघितलं की एक गोष्ट दिसायला लागते. सगळी इंजिनं सारखी बिघडत नाहीत. माझ्याकडे मूळ खोक्यात, आतल्या पिवळ्या फोममध्ये ठेवलेली इंजिनं सगळ्यात वाईट होती, करंट स्थिर पण जास्त आणि वर चाकं चिकट. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवलेली बरी. काचेच्या शोकेसमध्ये उघडी ठेवलेली, जी वरचेवर चालवली जायची, ती सगळ्यात चांगली, फक्त धूळ.

पिवळा मऊ फोम, सोफ्यात असतो तो, म्हणजे पॉलियुरेथेन. दमट हवेत तो विघटित होतो, आधी पिवळा, मग चिकट, मग भुगा. तो चिकटा रंगाला लागतो, चाकांना लागतो, गिअरबॉक्सच्या भोकातून आत जातो. दहा-पंधरा वर्षं जुन्या खोक्यात बोट लावून बघा. काढून फेका, खोकं हवं तर आठवण म्हणून ठेवा. त्याजागी टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगला येतो तो पांढरा ईपीई फोम वापरा, तो पॉलिथिलीन असतो, पाणी पीत नाही, फुकट मिळतो आणि कटरने झकास कापला जातो. बबल रॅप वापरणार असाल तर फुगे बाहेरच्या बाजूला करा, उन्हाळ्यात रंगावर गोल गोल ठसे उठतात. रबर बँड अजिबात नको, त्यातल्या गंधकाने पितळ आणि चांदीचा मुलामा काळा पडतो.

आणि डांबराच्या गोळ्या. आपल्याकडे कपाटात काहीही ठेवलं की एक गोळी टाकायची सवय असते. नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीन प्लास्टिकला मऊ करते, आणि आपले कोच, इमारती, पूल, सगळे त्याचेच. झुरळांची भीती असेल तर पुठ्ठ्याचं खोकंच काढून टाका, झुरळं त्याच्या खळीसाठी येतात.

डबा म्हणून स्वयंपाकघरातला क्लिपवाला, झाकणाला रबरी गॅस्केट असलेला मोठा डबा उत्तम. घेताना आतली लांबी मोजा, नव्या धाटणीचा एलएचबी कोच एचओमध्ये २७० मिमी भरतो, आयसीएफ २४५, डब्ल्यूडीएम-२ इंजिन २०० च्या आसपास, त्यामुळे आतून ३०० मिमी असलेला घेतला की सगळं बसतं. आत ईपीईच्या उभ्या पट्ट्यांचे कप्पे करा, हॉट ग्लू नको, पट्ट्यांना खाचा पाडून एकमेकांत अडकवा. डब्यात कुठे सील करायची वेळ आली तर व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातून सुटणारं ॲसिड धातू खातं. प्लायची पेटी बनवणार असाल तर फेव्हिकॉल आणि पॉलिश पूर्ण वास जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, उघडी ठेवा. इंजिन चाकांवरच ठेवा, नाकावर उभं केलं तर गिअरबॉक्समधलं तेल मोटरच्या कम्युटेटरवर उतरतं आणि मग परत कॉन्टॅक्टचा फॉल्ट.

मग सिलिका जेल. इथे एक हिशोब कुणी करत नाही. दहा लिटरच्या डब्यातली हवा तीस डिग्रीला पूर्ण दमट असली तरी तिच्यात पाणी फक्त ०.३ ग्रॅम. एवढं शोषायला एक चिमूट जेल पुरेल. खरं पाणी असतं पुठ्ठ्यात, कापडात, टिश्यू पेपरमध्ये, ते हळूहळू सुटत राहतं आणि जेल दमून जातं. त्यामुळे दमट पुठ्ठा आत ठेवून वर जेलची पुडी टाकण्यात काही अर्थ नाही. डबा भरायचा तोच मुळात कोरड्या दिवशी, जानेवारीत किंवा एसी चालू असलेल्या खोलीत दोन तास सगळं उघडं ठेवून, आणि मग ५० ग्रॅम जेल टाकून बंद. नारिंगी जेल घ्या, ओलं झालं की हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट असतो, तो घरात नको. ओलं झालेलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० डिग्रीला दोन तास ठेवलं की परत नारिंगी. तांदूळ टाकणारे लोक आहेत, तांदूळ पाणी फारसं ओढत नाही आणि त्याला पोरकिडे लागतात.

डब्यात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका, बाहेरून दिसेल असा. हे स्वस्तातले मीटर दहा-दहा टक्क्यांनी खोटं बोलतात, म्हणून आधी मिठाची परीक्षा: बाटलीच्या बुचात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओलसर करा, मीठ विरघळता कामा नये, आणि मीटरसोबत झिप पिशवीत रात्रभर बंद करा. सकाळी ७५ टक्के दाखवायला हवं. ८२ दाखवलं तर मागे मार्करने वजा सात लिहून टाका. डब्यात ४० ते ५० च्या मध्ये राहिलं की ठीक, साठच्या वर गेलं की जेल बदला. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा फक्त बाहेरून बघायचं, डबा उघडायचा नाही, उघडला की केलेलं सगळं पाण्यात.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी कॅसेट करून बघा. अर्ध्या इंचाचे दोन अॅल्युमिनियम अँगल प्लायच्या पट्टीवर, उभ्या कडांमध्ये १६.५ मिमी ठेवून बसवायचे, की अँगलच रूळ होतात आणि अख्खी गाडी जोडलेल्या अवस्थेत त्याच्यावर ठेवून कपाटात सरकवता येते, इंजिनाला हात लावायची गरज नाही. मगरी क्लिपने टेस्ट बॉक्स थेट कॅसेटला लावला की कपाटाच्या दारातच तपासणी. अॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, वायर स्क्रूने बसवा आणि स्क्रूखाली दातेरी वॉशर टाका, तो ऑक्साइडचा थर फोडून आत घुसतो. दोन कॅसेटच्या सांध्यावर वीज जात नसेल तर बहुतेक वेळा हाच थर आड येतो.

एवढं करूनही एखादं इंजिन दिवाळीत अडखळलं, तर वही उघडा, सहा व्होल्टचे दोन आकडे बघा, आणि काटा थरथरत असेल तरच आयपीए काढा. टिश्यू पेपर आयपीएने ओला करून रुळावर आडवा टाका, एक बोगी टिश्यूवर, दुसरी कोऱ्या रुळावर, बोटाने इंजिन धरून चाकं फिरू द्या, काळे पट्टे उमटतील तसा टिश्यू सरकवा, मग उलटं. रंगाला आयपीए लागू देऊ नका, काही ॲक्रिलिक रंग सुटतात. सँडपेपर चाकाला लावू नका, ओरखड्यांत घाण दुप्पट वेगाने बसते.

आणि हो, कुणाकडे मामाने जर्मनीहून आणलेली जुनी तीन-रुळी मर्कलिन असेल तर ती या बॉक्सवर लावू नका, तिची वीज घ्यायची पद्धत वेगळी, रूळ वेगळा, आणि तिच्या दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे इथे बल्ब पेटण्यापलीकडे काही होणार नाही.